कागदावरून वस्तूवर : ट्रान्स्फर मुद्रणातील श्रमाचे स्थलांतर, १७५६ ते १९५७

२ ऑगस्ट १७५६ रोजी लिव्हरपूल येथील मुद्रक जॉन सॅडलर आणि त्याचा सहकारी गाय ग्रीन ह्या दोघांनी विल्यम स्टॅथम नामक न्यायाधिकाऱ्यापुढे एक शपथपत्र सादर केले. २७ जुलै, मंगळवार, ह्या दिवशी सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंतच्या सहा तासांत आपण दोघांनी, अन्य कोणाचेही साहाय्य न घेता, निरनिराळ्या नक्षीच्या बाराशेहून अधिक मातीच्या फरशा छापल्या, असे त्यांचे कथन होते. शंभर कुशल चित्रकारांना कुंचल्याने तितक्याच वेळात जेवढ्या फरशा रंगविता आल्या असत्या त्यांहून ह्या संख्येने अधिक व कामात सुबक आहेत, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. ही युक्ती साधण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागला, असेही त्यात नमूद आहे. थॉमस शॉ व सॅम्युएल गिलबडी ह्या दोन स्थानिक कुंभारांनी ह्या दाव्यास पुष्टी दिली, आणि अशा फरशा नेहमीच्या निम्म्याहून थोड्याच अधिक किमतीस विकता येतील, असा अभिप्राय दिला.

ट्रान्स्फर मुद्रणाच्या, म्हणजे एका पृष्ठावर उठविलेले चित्र कागदाच्या मध्यस्थीने दुसऱ्या वस्तूवर उतरविण्याच्या विद्येच्या, इतिहासात हे शपथपत्र आद्य साधन म्हणून वारंवार उद्धृत केले जाते. त्यातील आकडे आकर्षक आहेत. सहा तासांत बाराशे म्हणजे तासाला दोनशे, म्हणजे दर अठरा सेकंदांस एक फरशी. दोन माणसांनी शंभरांचे काम केले, ही गोष्ट यंत्रयुगाच्या कथेत इतकी चपखल बसते की ती तपासून पाहण्याची गरज पुष्कळांस वाटली नाही. परंतु ह्या कागदाचा हेतू ध्यानात घेतला पाहिजे. तो पेटंटाच्या अर्जाची पूर्वतयारी म्हणून लिहिलेला, म्हणजे हितसंबंधी पक्षाचा कागद आहे, आणि त्यात केवळ छापण्याचा वेळ मोजलेला आहे. ठसे कोरण्यास किती दिवस लागले, फरशा कोणी घडविल्या, त्यांवर झिलई कोणी चढविली, छापल्यानंतर त्या भट्टीत कोणी भाजल्या, ह्यांपैकी कशाचाही हिशेब त्या सहा तासांत नाही. शपथपत्र खोटे होते असे नव्हे. ते एका घटिकेपुरते खरे होते. ट्रान्स्फर कागदाने श्रम नाहीसे केले की त्यांची जागा बदलली, हा प्रश्न मात्र त्यातून सुटत नाही. पुढील दोनशे वर्षांचा इतिहास दुसऱ्या पर्यायाकडे बोट दाखवितो.

सॅडलर व ग्रीन ह्यांस अग्रपूजेचा मान देण्यातही थोडी अडचण आहे. जॉन ब्रूक्स ह्या आयरिश उत्कीर्णकाने सप्टेंबर १७५१ मध्ये बर्मिंगहॅमहून अशाच कृतीच्या पेटंटासाठी अर्ज केला होता; पुढे लंडनजवळील बॅटर्सी येथील यॉर्क हाउसमधील मीनाकामाच्या कारखान्याशी संबंध जडल्यावर १७५४ व १७५५ मध्ये त्याने पुन्हा प्रयत्न केले. तिन्ही अर्ज निष्फळ ठरले. बॅटर्सीचा कारखाना १७५६ मध्ये दिवाळखोरीत बंद पडला; पण तपकिरीच्या डब्यांवर तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून उतरविलेली चित्रे लंडनच्या उच्चभ्रू वर्गात तोवर पोहोचली होती. होरेस वॉलपोल ह्याने १७५५ मधील एका पत्रात अशा डबीचा उल्लेख केलेला आहे. सॅडलर-ग्रीन ह्यांनीही अखेरीस पेटंट घेतले नाही. युक्ती गुप्त ठेवणे त्यांस अधिक फायद्याचे वाटले असावे. जोसाया वेजवुड स्टॅफर्डशरमधील आपली दुधी रंगाची भांडी १७६० च्या दशकापासून लिव्हरपूलला पाठवून त्यांच्याकडून छापून घेई, ह्यावरून तो हिशेब चुकीचा नव्हता असे दिसते. भांडे एका गावी घडावे, चित्र दुसऱ्या गावी चढावे आणि दोहोंमध्ये रस्त्यावरच्या गाड्या धावाव्यात, ही व्यवस्था त्या काळी नवीच होती.

ह्या मंडळींचा मूळ व्यवसाय कोणता होता, हेही लक्षणीय आहे. ब्रूक्स, सॅडलर, वूस्टर येथील रॉबर्ट हॅनकॉक हे कुंभार नव्हेत. ते पुस्तके, नकाशे व सुटी चित्रे छापणाऱ्या जगातून आले होते. विद्या कुंभाराच्या चाकाजवळ जन्मली नाही, ती छापखान्यातून तेथे आली. त्यामुळे वस्तूंवर जी चित्रे आली तीही छापखान्यातलीच. हॅनकॉकने कोरलेले प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे चित्र आणि १७५७ हे वर्ष धारण करणारे वूस्टरचे चिनी मातीचे मग आजही अनेक संग्रहालयांत पाहावयास मिळतात. सप्तवार्षिक युद्धात फ्रेडरिक हा इंग्लंडचा मित्र; त्याच्या विजयांच्या वार्ता येत होत्या, तोच त्याची छबी लोकांच्या हातातील भांड्यावर आली. बातमी ताजी असतानाच ती भांड्यावर चढावी, हे कुंचल्याच्या गतीस झेपणारे नव्हते. आज पुण्यामुंबईच्या गल्लीतील दुकानात वाढदिवसासाठी कोणाचे छायाचित्र मगावर छापून मिळते, त्या व्यवहाराचा पूर्वज शोधावयाचा झाल्यास तो ह्या मगापाशी सापडेल.

फरशी सपाट असते. मग, बशी व किटली ह्या गोल असतात. सॅडलरच्या सर्वांत जुन्या फरशा लाकडी ठशांवरून छापलेल्या आहेत व लवकरच त्याने तांब्याचे कोरीव पत्रे वापरण्यास आरंभ केला. परंतु गोलाईवर चित्र नेण्यास पातळ, ओला असतानाही न फाटणारा आणि हवा तसा कापता येणारा कागद लागतो. ही गरज जेथे पूर्णपणे भागली ते ठिकाण म्हणजे स्टॅफर्डशर. स्टोक येथील जोसाया स्पोड ह्याने १७८४ च्या सुमारास झिलईखालील निळ्या छपाईस तेथे स्थैर्य दिले. ह्या कामी कॉघली येथील कारखान्यातून आलेला उत्कीर्णक थॉमस लुकास व मुद्रक जेम्स रिचर्ड्स ह्यांचे साहाय्य त्यास झाले. म्हणजे येथेही विद्या माणसांच्या पायांनीच चालत आली.

त्या कारखान्यातील कृती थोडी तपशिलाने सांगणे अवश्य आहे. तांब्याच्या पत्र्यावर रेषा व टिंबे कोरलेली असत; फिकट छटेसाठी उथळ, गडद छटेसाठी खोल. पत्रा तापवून त्यावर उकळलेल्या तेलात खललेले कोबाल्टचे रंगद्रव्य चोळावयाचे, वरचा रंग खरवडून व पुसून काढावयाचा, म्हणजे रंग केवळ खाचांत उरे. मऊ साबणाच्या पाण्याने भिजविलेला झिरझिरीत कागद त्यावर ठेवून पत्रा दाबयंत्राच्या रुळांतून काढला की चित्र कागदावर येई. मग कात्रीने किनार वेगळी, मध्यचित्र वेगळे असे तुकडे करून ते एकदा भाजलेल्या, पण झिलई न चढविलेल्या भांड्यावर बसवीत. सच्छिद्र माती तेलकट रंग शोषून घेई. ताठ केसांच्या ब्रशाने कागद जोराने घासल्यावर भांडे पाण्यात बुडवीत. कागद सुटून जाई, रंग राही. नंतर हलक्या आचेवर तेल जाळून टाकावयाचे, झिलईत बुडवावयाचे आणि पुन्हा भट्टी. अशा रीतीने चित्र काचेसारख्या थराखाली कायमचे बंदिस्त होई.

एक बारकावा अभ्यासकांच्या उपयोगाचा आहे. पुस्तकासाठी कोरणाऱ्यास अक्षरे व चित्र उलटे कोरावे लागते. भांड्यासाठी कोरणाऱ्याने ते सुलटेच कोरावयाचे. कारण पत्र्यावरून कागदावर ते उलटे होते व कागदावरून भांड्यावर पुन्हा सुलटे. एखाद्या भांड्यावरील चित्र त्याच विषयाच्या पुस्तकी चित्राशी ताडून पाहता डावी-उजवी बाजू पालटलेली आढळली, तर पुस्तकाचाच पत्रा भांड्यासाठी वापरला गेला असावा, अशी शंका घेण्यास जागा राहते.

आता ह्या कृतीतील हात मोजावेत. पत्र्यापाशी मुद्रक, तो बहुधा पुरुष. कागद भांड्यावर बसवून घासणाऱ्या स्त्रिया, आणि कात्री चालविणारी मुलगी. म्हणजे एका दाबयंत्रामागे तीनचार माणसांचा संच, आणि त्यांच्याही मागे कित्येक आठवडे एकच पत्रा कोरीत बसणारा उत्कीर्णक. बालकांच्या नोकरीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाच्या वतीने सॅम्युएल स्क्रिव्हन हा १८४० च्या दशकाच्या आरंभी स्टॅफर्डशरच्या कारखान्यांत हिंडला, तेव्हा कागद कापणाऱ्या ह्या मुलींच्या साक्षी त्याने नोंदविल्या. तापलेल्या खोल्या, दीर्घ कामाचे तास आणि अल्पवय ह्यांचे जे चित्र त्या अहवालातून उभे राहते, त्याच्याशेजारी 'अन्य कोणाचेही साहाय्य न घेता' हे १७५६ चे शब्द ठेवून पाहिल्यास शंभर चित्रकारांचे काम नेमके कोठे गेले ह्याचा उलगडा होऊ लागतो. त्यातील काही भाग पत्रा कोरणाऱ्याकडे गेला व बराचसा कात्री-ब्रशाकडे. कुंचलाही सर्वस्वी गेला नाही. छापील रेषांत हाताने रंग भरण्याची पद्धत दीर्घकाळ चालू राहिली. मात्र तो भरणाऱ्याने काय भरावयाचे, हे आता रेषेने ठरविलेले होते.

कागदाचाही एक स्वतंत्र उद्योग झाला. अखंड कागद काढणाऱ्या यंत्राशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या फोर्डिनियर घराण्याने पुढे हॅन्ले येथे, म्हणजे कुंभारांच्या ऐन वस्तीत, ह्या पातळ कागदाची गिरणी चालविली. ज्या कागदाचे आयुष्य पत्र्यापासून पाण्याच्या कुंडापर्यंत, म्हणजे काही मिनिटांचे, त्यासाठी गिरणी उभी राहावी, ह्यावरून ह्या व्यापाराच्या विस्ताराची कल्पना यावी.

चित्रे येत कोठून? पुष्कळ काळ ती सरळ उचलली जात. ह्याचे हिंदुस्थानाशी निगडित असे एक ठळक उदाहरण आहे. बंगालच्या सैन्यातील कॅप्टन टॉमस विल्यम्सन ह्याच्या माहितीवरून व सॅम्युएल हाउइट ह्याच्या रेखाटनांवरून 'ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स' हे शिकारीचे सचित्र पुस्तक लंडनमध्ये १८०५ ते १८०७ ह्या काळात भागशः प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे घेऊन स्पोडने भोजनपात्रांचा एक संपूर्ण संच काढला. उसाच्या फडातून अस्वल हुसकावणे, झाडावरील बिबळ्यावर गोळी झाडणे, असे देखावे इंग्रज कुटुंबाच्या ताटात निळ्या रंगात प्रकट झाले. हिंदुस्थानाचे जे चित्र त्या घरांतील मुलांच्या मनात जेवताना ठसले असेल, ते पुस्तक न वाचणाऱ्यांपर्यंतही पोहोचणारे होते. साम्राज्याच्या प्रतिमांचा अभ्यास करणाऱ्यांनी ग्रंथालयाबरोबर स्वयंपाकघराकडेही लक्ष द्यावयास हवे, ते ह्यासाठी. मोबदला वा अनुमती ह्यांचा प्रश्न त्या काळी भांड्यांच्या बाबतीत कोणास फारसा पडत नसे. १८४२ च्या स्वामित्वविषयक कायद्यांनंतर मात्र छापील चित्रे बेधडक उचलणे कठीण झाले, आणि भांड्यांवर नामांकित स्थळांऐवजी काल्पनिक, भावरम्य देखावे वाढू लागले. कायद्याचा परिणाम ताटातील चित्रावर व्हावा, हे उदाहरण विरळच.

एकोणिसाव्या शतकाच्या उर्वरित भागाचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. झेनेफेल्डरच्या शिळामुद्रणाने अनेक रंगांची चित्रे कागदावर आणणे सुलभ झाले. त्यांस डिंक-वार्निशाची जोड मिळून तयार रंगीत ट्रान्स्फर विकत मिळू लागले. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या काळ्या शिवणयंत्रावरील सोनेरी वेलबुट्टी ही ह्याच विद्येची देणगी. १८७० च्या दशकात मँचेस्टरच्या ब्रिग्ज ह्या व्यापारगृहाने भरतकामाचे नमुने गरम इस्त्रीने कापडावर उतरविता येतील असे कागद काढले. येथे प्रथमच पाण्याच्या व दाबाच्या जोडीला उष्णतेने चित्र सोडविण्याची कल्पना सामान्य गृहिणीच्या हाती आली. पण ह्या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती : रंग वस्तूच्या पृष्ठावर बसे, वा फार तर झिलईखाली दडे, वस्तूच्या अंगात तो मुरत नसे.

ती पुढची पायरी अगदी निराळ्या दिशेने, आणि एका दोषाच्या रूपाने आली. पहिल्या महायुद्धानंतर सेल्युलोज ॲसिटेटचा कृत्रिम धागा बाजारात आला, तेव्हा कापूस वा लोकर रंगविणारी नेहमीची रंजके त्यावर चढेनात. १९२३-२४ च्या सुमारास ब्रिटिश रसायनज्ञांनी त्यासाठी पाण्यात न विरघळणारी, परंतु अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने पाण्यात पसरून राहणारी रंजके सिद्ध केली. हीच डिस्पर्स वर्गाची रंजके. १९४१ मध्ये व्हिनफील्ड व डिक्सन ह्या दोघा संशोधकांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला. ते दोघेही कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन ह्या संस्थेचे, म्हणजे कापड छापणाऱ्यांच्या संघाचे, सेवक होते, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. पॉलिएस्टरलाही हीच रंजके मानवली. मात्र कापडाची घडी टिकावी म्हणून ते १८० ते २२० अंश सेल्सिअसपर्यंत तापविताना काही रंजके धाग्यातून उडून जात व शेजारच्या पांढऱ्या भागावर डाग पाडीत. डबीत ठेवलेला कापूर जसा न वितळता विरून जातो, तसेच हे. घनरूपातून सरळ वायुरूपात जाण्याच्या ह्या गुणास संप्लवन म्हणतात. रंगाऱ्यांच्या दृष्टीने ही तक्रारीची बाब होती, आणि न उडणारी रंजके शोधण्यावर पुष्कळ परिश्रम खर्च झाले.

१९५७ च्या सुमारास उत्तर फ्रान्समधील रुबे येथे नोएल द प्लास ह्याने हाच दोष उलटा वापरला. रंजक कागदावर छापावे, कागद पॉलिएस्टरच्या कापडावर पालथा घालावा, सुमारे २०० अंशांवर अर्धा मिनिट दाबावे. रंजक वायुरूप होऊन कागद सोडते, उष्णतेने सैल झालेल्या धाग्यात शिरते आणि थंड होताच तेथे अडकून राहते. वाफ देणे नाही, धुणे नाही, रंगीत सांडपाणी नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'सुब्लिस्टॅटिक' ह्या नावाने ही पद्धत जगभर विकली जाऊ लागली. द प्लास ज्या उद्योगसमूहाशी संबद्ध होता त्याची प्रमुख गिरणी, 'लेनिएर द रुबे', ही नावाप्रमाणेच लोकरीची होती; आणि ह्या पद्धतीने लोकर छापता येत नाही, कापूसही नाही. लोकरीच्या गावाने लोकरीस न मानवणारी विद्या जगास द्यावी, ह्यात इतिहासाचा थोडा विनोद आहे. ती गिरणी २००० मध्ये बंद पडली.

ह्या मर्यादेचा परिणाम दूरगामी झाला. भारतात १९६० च्या दशकात ठाण्याजवळ 'टेरीन' ह्या पॉलिएस्टर धाग्याचे उत्पादन सुरू झाले व टेरीकॉट घरोघरी आले. पण अशा मिश्र कापडावर संप्लवनाचा छाप उतरविला तर केवळ पॉलिएस्टरचा अंश रंगतो, कापसाचा कोराच राहतो आणि चित्र फिकट दिसते. चिनी माती, ॲल्युमिनियम, लाकूड ही तर रंजकाला मुळीच आत घेत नाहीत. त्यावर उपाय असा निघाला की वस्तूलाच पॉलिएस्टरचा पातळ लेप द्यावा. आज मगावर जे चित्र 'छापले' जाते ते मातीवर नसून ह्या लेपात असते. लेप पांढऱ्या वा फिक्या वस्तूवरच उपयोगी. कारण ही रंजके पारदर्शक असून त्यांत पांढरा रंग नाही, तेव्हा गडद वस्तूवर चित्र दिसतच नाही. १९९० च्या दशकापासून संगणकाला जोडलेली शाई फेकणारी यंत्रे हे कागद छापू लागल्यावर उत्कीर्णक, शिळा व पत्रे ह्यांची गरज उरली नाही. एकच प्रत छापणेही परवडू लागले. दुकानदार चित्र उलटे छापतो, कागद मगाभोवती गुंडाळतो, तापलेल्या पट्ट्यात काही मिनिटे आवळतो, मग तयार.

ह्या दृश्यास १७५६ च्या सहा तासांचेच मोजमाप लावले, तर एक माणूस पुरतो. परंतु तो मग दुकानात येण्यापूर्वी कोठेतरी लेप देणाऱ्या कारखान्यातून गेलेला असतो, आणि पांढऱ्या, गुळगुळीत, सरळ भिंतींच्या आकारातच घडविलेला असतो. फुगीर पोटाचे किंवा कोरीव कडांचे भांडे ह्या पट्ट्यात बसत नाही. स्टॅफर्डशरची मुलगी कात्रीने कागद कापून त्याला किटलीच्या तोटीभोवती जुळवीत असे. तेथे चित्र वस्तूला वाकत होते. संप्लवनाच्या पद्धतीत वस्तू चित्राला वाकते, आणि जे श्रम पूर्वी कात्रीला पडत ते आता वस्तू घडविणाऱ्याने आधीच करून ठेवलेले असतात. टिकाऊपणाचा हिशेबही निराळा आहे. फ्रेडरिकचा मग अडीचशे वर्षांनंतरही वाचता येतो, कारण त्याचा रंग भट्टीत भाजलेला आहे. लेपातील रंजक उन्हात ठेवल्यास विटत जाते आणि लेप घासला गेला की चित्रही जाते.

अभ्यासकापुढे त्यामुळे साधनांचा प्रश्न उभा राहतो. स्टोक येथे स्पोडच्या कारखान्याचे कोरीव पत्रे हजारोंच्या संख्येने जतन झाले आहेत, आणि कोणते चित्र केव्हा कोणत्या भांड्यावर गेले हे त्यांवरून ताडता येते. संगणकावर तयार होऊन एकाच मगासाठी छापलेल्या चित्राचा असा पत्रा नसतो. त्याचा एकमेव अवशेष म्हणजे वापरून झालेला कागद. सगळे रंजक उडून जात नसल्याने त्यावर चित्राची फिकट, उलटी छाया राहते. पण तो बहुधा त्याच दिवशी दुकानाच्या कचऱ्यात जातो. बर्स्लेमजवळील मिडलपोर्ट येथील कारखान्यात मात्र एकविसाव्या शतकातही तांब्याचा पत्रा तापविला जातो, साबणाच्या पाण्याने ओला केलेला कागद त्यावर घातला जातो, आणि तो कापून, भांड्यावर बसवून, ब्रशाने घासून पाण्यात सोडविण्याचे काम अद्याप हातांनीच होते.